कॉटला वळसा

आई गेल्यानंतर आमच्या घरात पहिली नवी वस्तू आली ती ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. पाहुणे परतले होते. पुण्याची मावशी जाताना फ्रिजवर कसलंसं स्तोत्र चिकटवून गेली होती. मी ऑफिसातून घरी आले तर बाबा डायनिंग टेबलावर कागद पसरून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या पालथ्या घालून बसले होते. मी चपला काढायच्या आत म्हणाले, "हात पुढे कर बघू."

"कशाला?"

"सरळ कर. खांद्यापासून."

त्यांनी टेप लावून माझा हात बोटांपर्यंत मोजला आणि कागदाच्या कडेला आकडा लिहिला. "मागच्या लायनींची फळी याच्यापेक्षा रुंद करायची नाही. डबा घसरला तर हात पोचायला हवा. माझा खांदा आता पुढे जात नाही, तेव्हा तुलाच उचलावा लागणार."

खरं तर मला राग यायला हवा होता. बायकोचे दिवस होऊन चार दिवस झाले नाहीत आणि हा माणूस छोट्या आगगाडीचे रूळ आखायला बसतो! पण राग आला नाही. काहीच आलं नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई मारतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. चहाची चव कळायची, पण चहा हवासा वाटायचा नाही. ऑफिसात लोक म्हणायचे, "यार, तू तो बहुत स्ट्राँग है." स्ट्राँग कसली डोंबलाची. मी बधिर होते, आणि बधिर माणूस लांबून धीराचा दिसतो. मी हात खाली घेतला आणि चहा टाकला.

बाबांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका कचेरीत नकाशे काढण्यात गेली, आणि आमचं सगळं बालपण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत. एका क्वार्टरमधून दुसऱ्यात, हुद्दा वाढला की जरा मोठ्यात. भिंत सरकारची, त्यामुळे खिळा ठोकायचा नाही, हा आमच्या घरचा पहिला कायदा होता. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला सुतळीने लटकायचं. सामानातली प्रत्येक गोष्ट नटबोल्टची, म्हणजे उद्या ऑर्डर आली तर परवा ट्रकमध्ये. आणि दर नव्या क्वार्टरच्या आधी एक सोहळा व्हायचा. बाबा नव्या खोल्या मोजून यायचे, ग्राफ पेपरवर आखायचे, आणि बिस्किटांच्या एका चपट्या डब्यातून पुठ्ठ्याचे तुकडे काढायचे. आमच्या घरातलं प्रत्येक फर्निचर त्या डब्यात मापात कापलेलं होतं. कपाट, टेबल, शिलाई मशीन, आमच्या दोन फोल्डिंगच्या खाटा. मग आम्ही सगळे त्या कागदाभोवती बसून पुठ्ठे इकडून तिकडे सरकवायचो. ट्रक यायच्या आधी घर लागलेलं असायचं.

त्यातला पहिला तुकडा मात्र आईच ठेवायची. तिची कॉट. "आधी माझी पाठ कुठे टेकणार ते ठरवा, मग तुमचं राज्य," असं म्हणून ती तो पुठ्ठा उचलायची. पाय दक्षिणेला नकोत, डोक्यावर खिडकी नको, ओल आलेली भिंत नको. एवढं सगळं पाहून ती कॉट ठेवायची आणि पोळ्या लाटायला जायची. बाकीचं जग त्या कॉटभोवती बसवायचं काम बाबांचं. त्यांनी एकदाही तो तुकडा हलवल्याचं मला आठवत नाही.

गाड्यांचं वेड याच काळातलं. ऑफिसातल्या एका साहेबांनी बदली होताना एक परदेशी सेट बाबांना दिला. एक इंजिन, दोन डबे, गोल फिरणारे रूळ. मग बाबा आयुष्यभर त्यात भर घालत राहिले. वीतभराहून जरा लांब डबे, काळं इंजिन, मग निळं इंजिन. दिवाळीत जमिनीवर रूळ मांडले जायचे आणि फराळाला कुणी आलं की उचलले जायचे. एरवी सगळ्या गाड्या बुटांच्या खोक्यांत आईच्या कॉटखाली. "क्वार्टर मिळवा आधी तुमच्या गाड्यांना," आई म्हणायची. "माणसांना वेटिंग लिस्ट आहे म्हणावं, तुमचाही नंबर लागेल." बाबा हसायचे. रिटायर झाल्यावर पुण्याला जाऊ, तिथे एक खोली फक्त गाड्यांची, असं ठरलेलं होतं. रिटायर झाल्यावर आम्ही नोएडात आलो. तात्पुरते. त्या तात्पुरत्या घरात आईचे केस पांढरे झाले आणि लग्न मोडल्यावर मीही तिथेच येऊन राहिले. तिथल्याही भिंतीत बाबांनी कधी खिळा ठोकला नाही. स्वतःची भिंत होती, पण सवय जाणार कशी?

आईला रात्री खोकला यायचा म्हणून शेवटची काही वर्षं ती मागच्या खोलीत झोपायची. त्या हिवाळ्यात तिची छाती भरली. दिल्लीच्या हवेत म्हाताऱ्यांच्या छात्या भरतातच, आम्ही वाफारे दिले, मग हॉस्पिटल, मग संपलं. तेराव्याला शय्यादान असतं. गेलेल्या माणसाचं अंथरूण गुरुजींना द्यायचं. रीतीप्रमाणे कॉटही जायला हवी होती, पण गुरुजींनी खोलीच्या दारातून ती सागवानी कॉट पाहिली आणि म्हणाले, "कॉट राहू द्या. गादी-चादर नवी आणा, तेवढ्यात होतं." दिल्लीतल्या गुरुजींचंही घर लहानच असणार. अशी ती कॉट राहिली. गादी गुंडाळलेली, वर तिची शाल. गाड्यांची खोली आता तीच व्हायची होती, म्हणून आम्ही दोघं तिथे मापं घेण्यापुरते जायचो आणि मापं झाली की बाहेर यायचो.

लेआउट, म्हणजे टेबलांवर कायमची मांडलेली छोटी रेल्वे, करायचा तर लोक आधी स्टेशन काढतात, डोंगर काढतात, बोगदा काढतात. बाबांनी आधी मागच्या लायनी काढायला घेतल्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला समजावलं, आणि तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी एवढं सलग बोलले. समोर दिसतं ते एक छोटं स्टेशन. तिथे गाडी येते, थांबते, जाते. पण ती येते कुठून आणि जाते कुठे? एका उभ्या फळीमागे चार-पाच लायनी शेजारी शेजारी टाकायच्या. गाड्या तिथे उभ्या राहतात. पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत. तो समजतो, गाडी गावाला गेली.

"म्हणजे सगळं जग त्या फळीमागे," मी म्हटलं.

"जग नाही गं, पार्किंग," बाबा म्हणाले. "आणि पार्किंग चुकलं की पुढचं सगळं चुकतं."

मग आमच्या संध्याकाळी त्या पार्किंगमध्ये जाऊ लागल्या. मी मेट्रोने यायची, कुकर लावायची, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची. मला ते आवडत होतं असं म्हणवत नाही, त्या दिवसांत काही आवडायची सोयच नव्हती. पण तिथे बसलं की कुणी कसं वाटतंय ते विचारत नव्हतं. बाबा विचारायचे ते असं, की सर्वात लांब गाडी किती लांब? इंजिन धरून मोजली का? लायन लांब दिसते, पण दोन रूळ जिथे जवळ येतात तिथपर्यंत गाडी उभी करता येत नाही, शेजारून जाणारीला घासेल. रूळ जिथे फुटतात तो सांधाही जागा खातो. प्रत्येक लायनीला एक सांधा, म्हणजे जेवढ्या लायनी जास्त तेवढ्या त्या आखूड. "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते हेच," बाबा म्हणायचे आणि खोडरबर फिरवायचे. शिवाय एक लायन कायम रिकामी ठेवायची. गाड्या कितीही असोत, एक रिकामी नसेल तर कुठलीच गाडी हलवता येत नाही.

गुरुग्रामहून दादाचा फोन रोज यायचा. माझा हा मोठा भाऊ इंजिनिअर आहे, उंच टॉवरमध्ये राहतो, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे एक उपाय तयार असतो. आईनंतरचा त्याचा उपाय होता, बाबांना गुरुग्रामला न्यायचं. "तू दिवसभर ऑफिसात. ते एकटे. काही झालं तर? इथे लिफ्टखाली डॉक्टर आहे, पार्क आहे, वहिनी घरी आहे."

बाबांना जायचं नव्हतं. "तिथे भाजीवाला वर येण्याआधी तीन ठिकाणी फोन होतो," ते म्हणायचे. पण खरं कारण मला माहीत होतं. तिथे त्यांना एक छान खोली मिळणार होती आणि त्या खोलीत ते पाहुणे असणार होते. जन्मभर सरकारच्या घरात पाहुण्यासारखे राहिले, आता मुलाच्या घरात. आणि माझंही सांगते. बाबा गेले असते तर त्या फ्लॅटमध्ये मी आणि ती बंद खोली, एवढंच उरणार होतं. तो विचार मी पुरा करत नव्हते.

"एक विचारू?" दादा एकदा म्हणाला. "ते विसरतात का? आईबद्दल बोलताना गडबडतात का? तसं असेल तर मग चर्चाच नको. मी येतो आणि घेऊन जातो."

"बिल्कुल नाही," मी म्हटलं. "सांधा किती इंचाचा ते न बघता सांगतात."

हे मी म्हटलं त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बाबांनी मला पूर्ण आराखडा दाखवला. पेन्सिलचा, स्वच्छ, अक्षरं छापल्यासारखी. दाराजवळच्या भिंतीला स्टेशन. तिथून रूळ कोपऱ्यातून वळून मागच्या लांब भिंतीकडे, जिथे लायनी पडायच्या. मी बराच वेळ बघत राहिले. काहीतरी चुकत होतं. एवढी लांब भिंत, आणि लायनी अर्ध्यातच संपलेल्या. मुख्य रूळ भिंत सोडून खोलीच्या मध्यात आलेला, मग पुन्हा भिंतीकडे गेलेला, दोन घट्ट वळणं घेऊन. लांब गाडी, इंजिन आणि सहा डब्यांची, कुठल्याच लायनीत मावत नव्हती. आणि त्या वळणाच्या आत एक कोरा आयत होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कॉट'. बाजूला बिस्किटांचा डबा उघडा होता. त्यांनी जुना पुठ्ठाच ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती.

मला वाटलं, सवयीने राहिलं असेल. क्वार्टरची खोली आखताना आधी कॉट ठेवली जायची, तशीच ठेवली. म्हणून मी सरळ न विचारता वळणाने विचारलं. "बाबा, रुळांचं टेबल जरा उंच केलं तर? म्हणजे लायनी कॉटच्या वरून जातील. ट्रेनमध्ये वरचा बर्थ असतो तसं."

बाबांनी कागदावरून डोळे न उचलता मान हलवली. "छे. रात्री खोकल्याने उठते ती. डोकं आपटेल तिचं."

माझ्या हातातली वाटी मी हळूच टेबलावर ठेवली. बाबा पट्टी लावून पुढची रेघ मारत होते. हात स्थिर होता. मी बोलायला हवं होतं असं आता सगळे सांगतील, पण काय बोलणार? बाबा, ती नाही आता? त्यांना ते ठाऊक नसेल तर मी सांगणारी कोण, आणि ठाऊक असेल तर सांगायचं कशाला. मी उठून कुकर बंद केला. वरणात त्या दिवशी मीठ घालायचं राहिलं, आणि आम्ही दोघं ते तसंच जेवलो.

पुढे काही दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवली. गॅस बंद करतात का, औषधं घेतात का, किल्ली कुठे ठेवतात. सगळं चोख. पेपरवाल्याशी हिंदीत हुज्जत घालायचे तीही नेहमीसारखी. फक्त संध्याकाळी त्या आराखड्यासमोर बसले की कॉट तिथे असायची आणि रूळ तिला वळसा घालायचे. मी रोज बघायची, आज पुसली असेल. पुसलेली नसायची. उलट त्या वळणासाठी त्यांनी आणखी तीन वेगवेगळे नमुने काढले. लायनी आणखी आखूड झाल्या, लांब गाडीचे दोन डबे कमी करायचं ठरलं. "सहाच्या जागी चार डबे," बाबा म्हणाले. "चालेल. तेवढीच तिच्या कॉटपाशी गर्दी कमी." आणि मी मान डोलवत होते. भीती वाटायला हवी होती. वाटत होती, पण शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी टीव्ही लावावा इतक्या लांबून.

रविवारी दादा आला. वहिनीने पाठवलेला डबा घेऊन, एकटाच. त्याचा चेहरा पाहूनच कळलं की तो ठरवून आला आहे. मी पोहे केले. आराखडा टेबलावर पसरलेला होता आणि बाबा तो उचलायला तयार नव्हते. मग मी पोह्यांची मोठी परात आणून बरोब्बर कॉटवर ठेवली. माझ्या मते ती फार हुशारी होती.

"अगं, कागदावर तेलाचे डाग पडतील," बाबा म्हणाले.

"खालून पुसलीय परात."

दादाने पोहे घेतले, लिंबू पिळलं, आणि खाता खाता नकाशा वाचू लागला. इंजिनिअर माणूस, त्याला नकाशा समोर दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. बोटाने रूळ धरून तो स्टेशनपासून निघाला, कोपऱ्यात वळला, भिंतीला लागला, आणि परातीपाशी येऊन थांबला. "इथे रूळ भिंत का सोडतायत?" तो म्हणाला. "बाबा, ही भिंत तर सरळ आहे. पूर्ण लांबीच्या लायनी बसतील." आणि त्याने परात उचलली.

दादाने तो शब्द वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळं होतं, फोनवरचं माझं 'बिल्कुल नाही' सुद्धा. मी पोह्यांतल्या मिरच्या निवडत राहिले.

"बाबा," दादा फार मऊ आवाजात म्हणाला, लहान मुलाशी बोलतात तसा, "बाबा, आई आता—"

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

"नाही, म्हणजे, कॉट इथे—"

"मला माहीत आहे रे. खांदा दिलाय मी." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पुठ्ठा तिथे ठेवला तो हाताने ठेवला. सवयीने. पहिल्या दिवशी. मग बघितलं तर ठेवलेला होता. उचलायला गेलो तर उचलेना." ते माझ्याकडे वळले. "मग त्या दिवशी हिने विचारलं, वरून फळी घेऊ का. माझ्या तोंडातून गेलं, तिचं डोकं आपटेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं, ही म्हणेल, बाबा, आई नाही आता. तर ही हातातली वाटी ठेवून आत गेली. म्हटलं, हिलाही नको असेल. मग मी कॉट धरूनच आखत राहिलो."

"मला वाटलं तुम्ही विसरलात," मी म्हटलं.

"आणि मला वाटलं, तू हो म्हणतेयस." बाबांनी चष्मा परत घातला. "तो पुठ्ठा आमच्या घरात कधी मी हलवलेला नाही. तिचं तिने ठेवायचं, तिचं तिने उचलायचं. आता कुणीतरी म्हणायला हवं की काढा. मी म्हणणार नाही. तुम्ही तिची मुलं आहात, तुम्ही म्हणा."

इतके दिवस तो माणूस आपल्या लांब गाडीचे डबे तोडत बसला होता, माझ्या तोंडून एक वाक्य ऐकायला. आणि मी समोर बसून मान डोलवत होते, त्यांना जपतेय म्हणून. मला एकदम इतका राग आला की माझं मलाच नवल वाटलं. बाबांचा, दादाचा, गुरुजींचा, आणि सर्वांत जास्त आईचा, की सगळी घरं मांडून दिलीस आणि एवढं एक सांगून गेली नाहीस.

"काढा," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. "काढा ती कॉट."

बाबांनी मान डोलवली. मग त्यांनी हत्यारांच्या डब्यातून पाना आणला, कारण आमच्या घरातली कॉट नटबोल्टचीच होती. दादाने बाह्या दुमडल्या. डोक्याकडची फळी, पायाकडची फळी, दोन लांब बाजू, मधल्या पट्ट्या. एक बोल्ट गंजला होता, त्याला तेल घालून बाबा थांबले आणि आम्हाला ठोकू दिलं नाही. खाली खोकी होती, गाड्यांची, त्यांच्यावर आईचा एक मोजा पडला होता. तो मी उचलला आणि कुठे ठेवावा हे न सुचून खिशात टाकला.

सगळे भाग भिंतीला टेकवल्यावर दादा म्हणाला, "ही मी नेतो."

"तुझ्याकडे डबल बेड आहेत," मी म्हटलं.

"असू दे. नेतो मी." तो पायाकडच्या फळीवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्याकडे या वेळी कुठलाही उपाय नव्हता. "जोडून ठेवीन. कुणी झोपायचं ते बघू." बाबांना नेण्याचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही, आणि पुढेही काढला नाही.

गाडीच्या टपावर फळ्या बाबांनीच बांधल्या. सोसायटीच्या गेटवरचा गार्ड, "अंकलजी, हम कर देते हैं," म्हणत पुढे आला, त्याला त्यांनी बाजूला केलं. आयुष्यभर घरं बांधून ट्रकमध्ये चढवलेला माणूस. गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा मारली. दादाने आरशात पाहून हात केला आणि गाडी फार हळू गेटबाहेर काढली.

वर आलो. खोलीत उन्हाचा पट्टा थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेला होता. इतकी वर्षं तो कॉटच्या काठाशी थांबायचा. बाबांनी टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते त्या भिंतीच्या कडेने चालत गेले. मध्ये आता काहीच आडवं येत नव्हतं. कोपऱ्यात पोचून त्यांनी वाकून आकडा पाहिला.

"सगळ्या लायनी बसतात," ते म्हणाले. "लांब गाडी पूर्ण बसते. सहा डब्यांची." मग ते तिथेच, त्या कोपऱ्यात, जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते जमिनीवर कधी बसत नाहीत. टेप त्यांच्या हातात ताणलेलीच होती.

"एवढी जागा मला नको होती," बाबा म्हणाले.

मला टेप सोडून त्यांच्याकडे जायचं होतं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि आकडा पुन्हा एकदा नीट बघायला चष्मा कपाळावर सरकवला.

"सोडू नकोस," ते म्हणाले. "धरून ठेव."